दोन्ही लेकरं अडीच तासांवर

जळगावच्या मेहरूणात झुलाल नानाला कोणी विचारलं, "नाना, पोरं कुठं असतात?" तर नाना गावाचं नाव सांगत नसे. वेळ सांगे.

"मना आंडोर अडीच तासवर शे, नि मनी आंडेर बी अडीच तासवरच शे. बठ्ठं सारखं."

आंडोर म्हणजे मुलगा रतिलाल. तो कलकत्त्याला. आंडेर म्हणजे मुलगी पुष्पा. ती धुळ्याला. कलकत्ता आणि धुळे एकाच तराजूत घालणारा दुसरा माणूस अख्ख्या जळगाव जिल्ह्यात सापडला नसता. नवखा ऐकणारा हसायचा. पुष्पाबाईला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. त्या तराजूची दांडी तिच्याच खांद्यावर असे.

ही गोष्ट तिचीच आहे. नानाची नाही आणि रतिलालची तर नाहीच. पण त्या दोघांना वगळून तिच्याबद्दल सांगताही येत नाही, हेच तिचं दुखणं.

पुष्पाबाई मॅट्रिकपर्यंत शिकलेली. नवरा अभिमन धुळ्याच्या एसटी डेपोत फिटर. दोन मुली. उन्हाळ्यात ती ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे जाड पापड, घालायची, वाळवायची आणि चार घरी नेऊन द्यायची. तोंडाची फटकळ, हाताची झपाट्याची. आणि एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, पाऊस असो की झळा असोत, ती जळगावची गाडी पकडायची. आई गेल्यापासून नाना एकटा होता. घर झाडायचं, गोधड्या धुवायच्या, पंधरा दिवस पुरेल असं पीठ, तिखट, चटणी करून ठेवायची, आणि रविवारी संध्याकाळी परत. गाडी फागणे घेई, मुकटी घेई, पारोळ्याला थांबे, एरंडोलला ड्रायव्हर चहा पिई, पाळधीला कोणाची तरी शेळी वर चढे. अडीच तास लागायचे ते गाडीचं नशीब चांगलं असलं तर. नाही तर तीन, साडेतीन.

नानाला ते माहीत नव्हतं असं नाही. तो बांधकाम खात्यात मुकादम होता. धुळे–जळगाव रस्त्याला ठिगळं लावण्यात आणि मैलाचे दगड रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं. पुष्पाचं लग्न झालं तेव्हा तिला गाडीत बसवताना तो म्हणाला होता, "रडू नको. खिडकीतून बघत जा. बठ्ठे दगड मना हातना शेत." सगळे दगड बापाच्या हातचे, हे तेव्हा तिला फार गोड वाटलं होतं. माणूस तरुणपणी कशाकशाने खूश होतो!

तर असा दगड मोजणारा माणूस एका दिवसात तास मोजायला लागला. तो दिवस शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतरचा.

रतिलाल इंजिनीअर होऊन कलकत्त्याच्या एका कारखान्यात लागला होता. कारखान्याने त्याला काही कामासाठी मुंबईला पाठवलं, तेही विमानाने. तिथून तो रात्रीची गाडी धरून दोन दिवस घरी आला. बापासाठी त्याने काय आणलं? विमानात बाई ताटलीत घालून गोळ्या देते, त्यातल्या चार गोळ्या. आणि कानात घालायला देतात तो कापसाचा बोळा.

समोरच्या घरातले नानाचे चुलत भाऊ जीवराम आबा ओट्यावर बसले होते. तो बोळा बघून त्यांनी मांडीवर थाप मारली.

"अरे वा रे रती! कपाशीच्या मुलखात कापूस आणलास! कलकत्त्याला वेचणी चालू आहे का?"

सगळे हसले. नाना हसला नाही. त्याने तो बोळा तपकिरीच्या रिकाम्या डबीत घातला आणि डबी ट्रंकेत ठेवली. गोळ्या शेजारच्या पोरांना वाटल्या.

"किती लांब शे रे कलकत्ता?" नानाने विचारलं. "कितले मैल?"

"मैल कोण मोजतं आता नाना?" रती पाय पसरून म्हणाला. "तास मोजायचे. कलकत्त्याहून बसलो, अडीच तासांत मुंबई. चहा संपेपर्यंत उतरायची वेळ."

पुष्पाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती आतूनच म्हणाली, "आणि मुंबईहून इथं? ती रात्रभराची गाडी कोणाच्या हिशेबात? आणि घरातून विमानापर्यंत जायचं? आणि रिकामी जागा मिळायची? की विमान तुझ्या ओट्याला येऊन लागतं?"

"अक्का, तू एसटीतच राहा," रती म्हणाला.

पुन्हा सगळे हसले. या वेळी नानाही हसला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने मेहरूणभर सांगायला सुरुवात केली की त्याची दोन्ही लेकरं अडीच तासांवर आहेत.

यात वाईट काय, असं कोणी विचारेल. म्हातारा माणूस, लेकाचं कौतुक करतो, करू द्यावं. पण हिशेब तोंडात राहिला असता तर ठीक. तो वागण्यात उतरला. एखाद्या शनिवारी मुलीला ताप आला, पुष्पाबाई आली नाही, की पुढच्या खेपेला नाना तोंड फिरवून बसे. "अडीच तास तं शे. तेवढं बी येवाले नही होत?" आणि रती तीन-तीन वर्षं फिरकला नाही तरी, "त्याले काय, कधी बी येई. अडीच तास!" म्हणजे एकच अंतर. तिच्यासाठी ते यायचं कारण, आणि त्याच्यासाठी न येण्याचं. हे तिने नानाला एकदा सांगितलंही होतं. नाना म्हणाला, "तू लहानपनपासून भांडखोर."

तिने त्याला धुळ्याला न्यायची तयारीही दाखवली. मुलीच्या घरी राहायचं? नानाने कानावर हात ठेवले. शिवाय रती आला आणि घराला कुलूप दिसलं तर?

तिला नानाकडून काही नको होतं. घर नको, भांडी नकोत. एकच गोष्ट हवी होती आणि ती तिने जीवराम आबांना स्वच्छ सांगून ठेवली होती. तिची आई गेली तेव्हा ती धुळ्याला दहा दिवसांची बाळंतीण होती. 'ओली बाळंतीण, तिला कशाला कळवायचं,' असं चार शहाण्यांनी ठरवलं आणि तिला कळलं ते थेट तेराव्यानंतर. आईचं तोंड दिसलं नाही ते नाहीच. त्या शहाण्यांत जीवराम आबाही होते.

"आबा," ती म्हणाली होती, "आईच्या वेळी केलंत ते केलंत. नानाच्या वेळी माझ्याशिवाय उचलायचं नाही. मला तोंड बघायचंय. शब्द द्या."

"अशुभ बोलू नको, बाई. दिला शब्द."

एक्याण्णव सालच्या एप्रिलात नानाची एक बाजू गेली. पुष्पाबाई आली ती महिनाभर हलली नाही. त्याला उचलून बसवणं, पुसणं, भरवणं, सगळं तिनेच केलं. आबांची बायको वच्छलाबाई दुपारी येऊन बसायची, तेवढाच तिला टेकायला वेळ. नानाची जीभ जड झाली होती. पण एक वाक्य तो रोज दाराकडे बघत स्पष्ट बोलायचा.

"रती उना का?"

तिने मेहरूणच्या रस्त्यावरच्या लोटनच्या टेलिफोन बूथवरून कलकत्त्याला फोन लावला. रतीच्या क्वार्टरशेजारच्या घरी फोन होता. त्याला बोलावून आणलं.

"ये," ती म्हणाली. "रोज तुझं नाव घेतो."

"डॉक्टर काय म्हणतात? सिरियस आहे का?"

"तू ये."

"अक्का, रजेचं बघावं लागेल. आणि तसं वाटलं तर कळव ना, लगेच निघतो. मला काय, अडीच तास."

तिने फोन आपटला. लोटन म्हणाला, "ताई, हळू. फोन माझा आहे." ती त्याच्यावरही ओरडली.

मे महिन्यात धुळ्याहून अभिमनचा निरोप आला. धाकटीला कावीळ झाली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. पुष्पाबाईने नानाला पाणी पाजलं आणि सांगितलं, "नाना, चार दिवस जाऊन येते." नानाने तिच्याकडे बघितलं. एका बाजूने वाकडं तोंड करून म्हणाला, "जाय माय. तू तं अडीच तासवरच शे." तो हे प्रेमाने म्हणाला की नेहमीच्या सवयीने, हे तिला नंतर कधीच ठरवता आलं नाही.

जाताना तिने आबांना पुन्हा बजावलं. आबा म्हणाले, "किती वेळा सांगशील? लक्षात शे."

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नाना गेला.

आता पुढचं नीट ऐका, कारण यात कोणीही दुष्ट नाही. दुष्ट असता तर एकाला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

जीवराम आबांनी सगळं हातात घेतलं. आधी लोटनच्या बूथवर जाऊन कलकत्त्याला फोन. रती रडला. म्हणाला, "आबा, थांबा. मी निघालोच. मिळेल त्या विमानाने येतो. माझ्याशिवाय उचलू नका." आबा म्हणाले, "नाही उचलत." मग लोटनने विचारलं, "धुळ्याला लावू का? डेपोत फोन आहे. मागच्या महिन्यात ताईंनीच नंबर दिला होता."

"धुळ्याला काय फोन करायचा!" आबा म्हणाले. "फोन लांबच्याला. ती इथं जवळच शे."

बघा गंमत. पाच वर्षं दोघं सारख्या अंतरावर होती. फोन करायची वेळ आली तेव्हा पुष्पा एकदम जवळची झाली.

खानदेशातली रीत अशी की गावोगावचा निरोप एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. आबांनी सकाळी आठच्या धुळे गाडीच्या ड्रायव्हरला गाठलं. अभिमन फिटरला सगळे ड्रायव्हर ओळखत होतेच. "त्याला सांग, सासरा गेला, बाईला घेऊन लगेच निघ." गाडी सुटली. आबा घरी आले, ओट्यावर जमलेल्या माणसांना म्हणाले, "निरोप गेला. आठ वाजता निघाला. अडीच तास धरा. साडेदहाला पुष्पा येते. रती विमानात बसला की तोही येतोच."

दहा-पंधरा माणसं बसली होती. कोणी शिक्षक होता, कोणी पोस्टातला. एकानेही म्हटलं नाही की आबा, साडेदहाला निरोप धुळ्यात पोचेल, पुष्पा नाही. अडीच तास म्हणजे पुष्पा, हे त्या गल्लीला इतकं पाठ झालं होतं की जाण्याचे आणि येण्याचे तास वेगळे असतात हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

साडेदहा झाले. अकरा झाले. मे महिन्यातलं जळगावचं ऊन. बाजारातून बर्फाची लादी आणून नानाखाली आणि बाजूला लावली, ती डोळ्यांसमोर पाणी होऊन ओट्यावरून वाहायला लागली. दुसरी आणली. बाया पंख्याने माश्या वारत होत्या.

बारा वाजून गेल्यावर लोटन सायकलवर आला. रतीचा फोन आला होता. आज विमानात जागा नाही. उद्याचं बघतो. उद्यापर्यंत ठेवता येईल का?

"उद्यापर्यंत?" पोस्टातले म्हणाले. "या उन्हात? आबा, नाना काय गूळ आहे का ठेवायला?"

"मग उचला," कोणीतरी म्हणालं.

"पुष्पा राहिली ना पण," वच्छलाबाई म्हणाली.

आबांनी घड्याळ बघितलं. त्यांना शब्द आठवला, असं ते नंतर शपथेवर सांगत. पण ते म्हणाले, "पुष्पाला साडेदहालाच यायला पाहिजे होतं. अडीच तासांचा रस्ता, साडेचार तास होऊन गेले. यायची असती तर आली नसती का? पोरगी आजारी शे तिची. नसेल निघता आलं. कितली वाट देखानी?"

आणि नानाला उचललं.

म्हणजे रतीला विमान मिळालं असतं तर त्याच अडीच तासांच्या भरवशावर सगळे संध्याकाळपर्यंत थांबले असते, आणि पुष्पाबाईला बापाचं तोंड दिसलं असतं. तिचं एवढंसं मागणंही शेवटी भावाच्या विमानावर लटकलेलं होतं.

इकडे गाडी धुळ्याला अकराच्या आत-बाहेर पोचली. ड्रायव्हरने प्रामाणिकपणे अभिमनला शोधलं. तो एका गाडीखाली आडवा झालेला होता. तो हात पुसत सायकलवर घरी आला. पुष्पाबाईने बिबड्यांचं पातेलं तसंच उतरवलं, धाकटीला शेजारी टाकलं, आणि दोघं जळगावच्या गाडीत बसली. ती रडत नव्हती. रडायचं जळगावला, असं तिने ठरवलं होतं. खिडकीतून एकेक दगड येत होता, त्यावरचा जळगावचा आकडा कमी होत होता. तिच्या तोंडून एकदाच निघालं, "आबांनी शब्द दिलाय." अभिमन म्हणाला, "हो ना."

पारोळ्याला गाडी थांबली. एरंडोलला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा अभिमन त्याच्या मागे गेला आणि काहीतरी बोलला. ड्रायव्हर अर्धा कप टाकून परत आला. एसटीवाल्यांना माणुसकी असते.

जळगावला उतरून त्यांनी रिक्षा केली. मेहरूणच्या वळणावर समोरून माणसं येताना दिसली. ओली धोतरं, ओली डोकी. पुष्पाबाईने रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. "थांब," ती म्हणाली. "आता घाई नाही."

आबा पुढे आले. डोक्यावरून पाणी निथळत होतं. आणि त्या माणसाने, ज्याने शब्द दिला होता, विचारलं काय?

"अडीच तासाला इतला उशीर, बाई?"

ती खाली उतरली.

"आबा, निरोप कशाने पाठवलात?"

"आठच्या गाडीने."

"गाडीला धुळ्याला जायला किती लागतात?"

"अडीच."

"आणि मला यायला?"

आबा बोटांवर मोजू लागले. मागे उभ्या असलेल्या पोस्टातल्यांनी हळूच मान खाली घातली. हिशेब आता सगळ्यांना जमला होता.

"मी विमानाने येणार होते का आबा?" ती म्हणाली. "विमानवाल्याला फोन आणि एसटीवालीला एसटी! तुम्ही माझी आई अशीच नेलीत. बापही नेलात. आता माझ्याकडचं काही शिल्लक आहे का न्यायचं?"

अभिमनने तिचा दंड धरला. तिने झटकला.

घरात बायांनी तिला कवटाळलं. वच्छलाबाई मनाने चांगली, तिला पुष्पाची समजूत घालायची होती. ती म्हणाली, "तोंड फार शांत होतं बाई. झोपल्यासारखं. आणि काय सांगू, नाकात घालायला कापूस शोधला तर घरात कुठं मिळेना. मग ट्रंकेत ती डबी सापडली, रतीनं विमानातून आणलेला बोळा. तोच घातला. शेवटी लेकाच्या हातचं काहीतरी लागलं नानाला. नशीबवान हो!"

महिनाभर ज्या हातांनी नानाचं गू-मूत काढलं ते हात पुष्पाबाईने पदराखाली घेतले आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. रडायचं राहूनच गेलं.

रतिलाल आला तो पाचव्या दिवशी. राख सावडून झाली होती. नागपूरकडून येणाऱ्या मेलने आला, डोळे तांबारलेले, शर्टावर कोळशासारखी काजळी, खांद्यावर होल्डॉल. खरंच थकला होता तो. बापाच्या खाटेला डोकं लावून रडला. गल्ली हळहळली.

दुपारी घरात दोघंच असताना पुष्पाबाईने विचारलं, "विमान नाही मिळालं शेवटी?"

"कुठलं विमान, अक्का!" तो म्हणाला. "ते एकदाच. कंपनीचं तिकीट होतं. माझ्या पगारात विमान बसतं का? मी नेहमी मेलनेच येतो. एक दिवस, एक रात्र, आणि लेट झाली तर आणखी. या वेळी तर रजा आणि तिकीट जुळायलाच दोन दिवस गेले."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"मग आबांना 'थांबा, विमानाने येतो' म्हणालास ते?"

"काय सांगणार? नानांनी सगळ्या मेहरूणात करून ठेवलेलं. विमानवाला, विमानवाला! एवढ्या लोकांसमोर कसं सांगू, की पैसे नाहीत?"

"फोनवर कुठले लोक रे?"

तो होल्डॉलचा पट्टा सोडू-बांधू लागला.

"आणि मला बूथवर सांगितलंस, अडीच तास. मी तुझी बहीण. मीही लोकच का?" ती उठली. "पाच वर्षं ती थाप मी ऐकली. त्या थापेने नाना तुझी वाट बघत राहिला आणि मला बघायचं विसरला. तू आधीच म्हणाला असतास ना, 'आबा, मला दीड दिवस लागेल, अक्काला फोन करा, तिच्यासाठी थांबा,' तर तुझ्या खिशाला काही पडलं नसतं. एक वाक्य होतं फक्त."

"मला काय माहीत, तुला फोन केला नव्हता?"

"विचारलंस का?"

त्याने विचारलं नव्हतं.

तेरावं झालं. जेवणावळीत एक-दोघांनी तिला म्हटलंच, "घर पडून राहायला नको. येत जा अधूनमधून. अडीच तास तर आहे." तिने त्यांच्या पानात वरण वाढलं आणि पुढे गेली.

रती निघाला तेव्हा ओट्यावर गल्ली जमली होती. तो आबांच्या पाया पडला, मग तिच्या. होल्डॉल खांद्यावर चढवत नेहमीच्या सवयीने म्हणाला, "अक्का, काही लागलं तर कळव. मला काय—"

आणि थांबला.

"बोल," पुष्पाबाई म्हणाली. "थांबलास का? सगळे ऐकतायत. बोल की, किती तास?"

तो लाल झाला. आबांनी खाकरून दुसरीकडे बघितलं. रती वळणापर्यंत चालत गेला. त्याने मागे वळून बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने घराला कुलूप लावलं, किल्ली वच्छलाबाईच्या हातात दिली आणि धुळ्याची गाडी पकडली. कंडक्टर ओळखीचा, अभिमनच्या दोस्तांतला. तिकीट फाडताना हळूच म्हणाला, "ताई, आता जळगावच्या फेऱ्या कमी होतील तुमच्या."

"कमी कशाला?" ती म्हणाली. "बंद."

एरंडोल सुटलं आणि पारोळ्याच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. माणसं उतरली, ड्रायव्हरला नावं ठेवू लागली, कोणी घड्याळं बघू लागली. कंडक्टर म्हणाला, "तासभर तरी जाईल, ताई. खाली येऊन बसा, वारा आहे."

खिडकीबाहेर मैलाचा दगड होता. रंग उडालेला. कित्येक दिवसांत त्याला कोणी हात लावलेला नसावा.

"जाऊ दे तासभर," पुष्पाबाई म्हणाली आणि जागची हलली नाही.